एका मजल्यावरची दोन दारे

मोठ्या कुटुंबाने उपनगरातले ऐसपैस घर सोडून महानगरातल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणे ही मुंबई परिसरात उलट्या दिशेची वाटचाल आहे. गेल्या काही पिढ्यांत मराठी कुटुंबे गिरगाव, लालबाग, परळ, दादर सोडून आधी डोंबिवली-कल्याणला, मग अंबरनाथ-बदलापूरला आणि पश्चिमेकडे वसई-विरारला गेली. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाखांवर उतरली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (पालघर वेगळा होण्याआधीचा) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. बदलापूरची वस्ती एक लाखाच्या आत होती, ती पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली. जाणाऱ्यांचे कारण बहुतेक एकच असे: खोलीत माणसे मावेनात.

परत येणाऱ्यांची वाट अनेकदा पागडीवरून जाते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी जवळपास गोठवली. महिन्याला किरकोळ रक्कम देणारा पागडीचा भाडेकरू निम्मा मालकच झाला, आणि बदलापूरला घर बांधले तरी लालबागच्या खोलीला कुलूप लावून पावती चालू ठेवायची, अशी रीत पडली. त्या कुलपाला एकेकाळी हसणारे नातेवाईक आता खोलीची किंमत विचारतात. मुंबईच्या विकास नियमावलीतील कलम ३३(७) प्रमाणे जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून नवी उभारली, की प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचे घर मिळते. असे घर हातात आले, की ज्या कुटुंबाने तीस वर्षांपूर्वी जागेसाठी शहर सोडले, त्याच्यापुढे शहरासाठी जागा सोडायची का, हा प्रश्न येतो.

उदाहरणादाखल नऊ माणसांचे एक घर घेता येईल: सासू-सासरे, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडे. बदलापुरात तळमजला आणि वरचा मजला मिळून दीड हजार फूट जागा. पुढे अंगण, मागे विहीर आणि दोन आंबे. लालबागला शेजारशेजारच्या दोन खोल्यांच्या दोन पावत्या होत्या. त्यांच्या बदल्यात अकराव्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले, प्रत्येकी सव्वातीनशे फूट. हॉल, एक बेडरूम, ओट्यापुरते स्वयंपाकघर. जावे की राहावे यावर घरातल्या पुरुषांची मते महिन्याला बदलतात. दोन्ही जावांची मते मात्र पक्की आहेत. थोरली घर सांभाळते आणि बदलापूर सोडायला तयार नाही. धाकटी फोर्टमध्ये बँकेत आहे आणि तिला उद्या जायचे आहे.

धाकटी: ताई, तुम्ही फुटांचा हिशोब करता, मी तासांचा करते. सव्वासातला घर सोडते, सव्वानऊला बँकेत. संध्याकाळी परतायला तेवढेच दोन तास. माझा मुलगा मला जागेपणी बघतो ते रविवारी.

थोरली: बदलापूरहून सुटणारी गाडी पकडतेस, म्हणून बसायला तरी मिळतं. कल्याणच्या बायकांना विचार.

धाकटी: बसायला मिळतं सकाळी. येताना दादरपर्यंत एवढी गर्दी होते, की पुढची चढणारी बाई माझ्या पायावर उभी असते. आणि बसायला मिळालं म्हणून काय वेळ परत मिळतो का?

थोरली: गाडीतच तर तुझी भिशी, गाडीतच निवडलेली भाजी. दसऱ्याला डब्याची पूजासुद्धा तुम्हीच करता.

धाकटी: करतो, कारण आयुष्य तिथेच जातं.

हिशोब सोपा आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेने ६८ किलोमीटर. दाराबाहेर पडल्यापासून कचेरीत पोहोचेपर्यंत दोन तास धरले, तर रोजचे चार आणि कामाच्या २५० दिवसांचे १,००० तास होतात. म्हणजे वर्षातले जवळजवळ बेचाळीस अहोरात्र. लालबागजवळच्या करी रोड किंवा चिंचपोकळीहून धीम्या गाडीने तोच प्रवास पंधरा मिनिटांच्या आसपासचा. शिवाय प्रवासाचा धोका निराळा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा मध्य रेल्वेवर रोज दाराशी लटकणाऱ्यांच्या घरी त्या रात्री बोलायला वेगळा विषय नव्हता. २७ जुलै २०१९ ला तर उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पावसाळ्यात असा एखादा दिवस येतोच, की बदलापूरकर कामावर पोहोचत नाही किंवा पोहोचला तर परतत नाही.

मात्र हे हजार तास कोणाचे, हे विचारायला हवे. या घरात धाकट्या जोडप्याला आणि माटुंग्याला कॉलेजात जाणाऱ्या थोरल्या नातवाला ते मिळतील. थोरला मुलगा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. आज तो मोटारसायकलवर वीस मिनिटांत पोहोचतो, उद्या त्याला लालबागहून उलट्या दिशेची गाडी धरावी लागेल. ती रिकामी असते एवढेच समाधान. उरलेली पाच माणसे रोज प्रवास करतच नाहीत. नवांपैकी तिघांची सोय, एकाची गैरसोय. आणि पाचजणांना प्रवास सुटल्याचा आनंद नाही, पण अंगण सुटल्याचे दुःख आहे. कुटुंबाचा वेळ वाचतो असे म्हणताना नेहमी कमावत्यांचाच वेळ मोजला जातो.

थोरली: गणपतीत आपल्याकडे पंचवीस पानं उठतात. तिथे पंगत बसवायची कुठे? लिफ्टमध्ये?

धाकटी: गणपती वर्षातून एकदा येतो, ताई.

थोरली: वाळवण? पापड, कुरडया, सांडगे. गच्चीला तर कुलूप असतं म्हणे.

धाकटी: असतं. लालबागला कुरडया विकत मिळतात, मसाला समोर दळून मिळतो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काय आहे सांगा बरं? ट्रंका, जुना पाळणा, पितळी हंडे आणि भावोजींनी कधी न चालवलेली सायकल. त्या खोल्यांत राहतं कोण?

थोरली: कोणी नाही.

धाकटी: आणि झाडतं कोण?

थोरली: मी.

जागा म्हणजे केवळ सोय नव्हे, तिचे कामही असते, ही गोष्ट या दोन उत्तरांत आली आहे. अंगण सारवले-झाडले नाही तर ते चार दिवसांत रान होते. विहिरीचा पंप बिघडतो, आंब्याची पाने गटारात जाऊन बसतात, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वरचा मजला भट्टी होतो. ऐसपैस घराचा अभिमान साऱ्या कुटुंबाचा आणि झाडू बहुधा एकीचा, असा हा प्रकार आहे.

फ्लॅटची व्यवस्था वेगळ्या तत्त्वावर चालते. तिथे एकाच खोलीला दिवसाच्या पाळ्या असतात: सकाळी डबे भरण्याची जागा, दुपारी आजोबांच्या वामकुक्षीची, संध्याकाळी अभ्यासाची, रात्री चार गाद्यांची. गिरणगावाला ही पाळीपद्धत नवी नाही. शंभर-सव्वाशे फुटांच्या खोलीत एक पाळी गिरणीत गेली की दुसरी झोपत असे, आणि पुरुष माणसे गॅलरीत किंवा रस्त्याकडेला पथारी टाकत. पण चाळीची गॅलरी हे वापरता येणारे अंगण होते. टॉवरची लॉबी तशी नाही. आगीच्या नियमांमुळे तिथे काही ठेवता येत नाही, आणि दाराबाहेर चपलांचे कपाट ठेवले म्हणून सोसायटीने पाठवलेली नोटीस हा नव्या इमारतींतला नेहमीचा अनुभव आहे. म्हणून ‘आम्ही चाळीत वाढलो, आम्हाला सवय आहे’ हा लालबागकरांचा युक्तिवाद अर्धाच खरा. चाळीत खोली लहान होती, घर लहान नव्हते.

जे फ्लॅटमध्ये मावत नाही, ते शहराने पुरवायचे असते. त्या बाबतीत लालबाग-परळ उणे नाही. मंडळांनी चालवलेल्या अभ्यासिका आहेत, १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, कॉलेजे आणि नाट्यगृहे हाकेच्या अंतरावर आहेत. दहावीतल्या मुलीला वेगळी खोली नसली तरी अभ्यासिकेतले टेबल मिळते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र अभ्यासिकेचा उपयोग नाही. त्याला खाली उतरवण्यासाठी एक मोठे माणूस, एक लिफ्ट आणि एक मोकळे मैदान लागते. बदलापुरात दार उघडले की काम झाले.

वृद्धांचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो, कारण दोन्ही बाजू त्यांचेच नाव पुढे करतात.

धाकटी: बाबांची बायपास झाल्यापासून दर तीन महिन्यांनी केईएम. पहाटे चारला निघायचं, नंबर लावायचा, रात्री परत. लालबागहून ते चालत जातील.

थोरली: कबूल. पण केईएमला वर्षातून चारदा जायचं, ओटीवर रोज बसायचं. बाबांचे मित्र सगळे इथे आहेत.

धाकटी: बाबा लालबागला वाढले. त्यांना आनंदच होईल.

थोरली: बाबांना होईल. आईंचं काय? त्या लग्न होऊन खोलीत आल्या, तेव्हापासून बारा वर्षं त्यांनी पाण्याच्या नळावर भांडणं केली. विहिरीवरून त्या हलायच्या नाहीत.

धाकटी: आता नळ घरात आहे, ताई.

थोरली: आणि लिफ्ट बंद पडली की त्या घरात आहेत.

१९२६ मध्ये सुरू झालेले केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये परळच्या एका टापूत असणे, हे या भागात राहण्याचे सर्वांत भक्कम कारण मानावे लागते. बदलापूर-कर्जतचे रुग्ण इथेच येतात; फरक एवढाच की ते पहाटेच निघतात. तरी थोरलीचा मुद्दा खोडता येत नाही. म्हातारपणी माणूस दवाखान्याजवळ असावा हे खरे, पण त्याचा दिवस दवाखान्यात जात नाही. अकराव्या मजल्यावरचा म्हातारा खाली कोणाला ओळखत नसेल, तर तो हळूहळू खाली उतरेनासा होतो. सासऱ्यांची लालबागची ओळखसुद्धा तपासून घ्यावी अशी आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांबरोबर माणसे गेली. ते ज्या लालबागला परततील ते नकाशावर तिथेच असले तरी त्यांचे शेजारी आता डोंबिवलीत, बदलापुरात किंवा कोकणात आहेत.

पैशांचा भाग थोडक्यात सांगता येतो. पागडीचे भाडे शेकड्यांत होते, नव्या इमारतीचा मेंटेनन्स हजारांत असतो. लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचे खर्च फ्लॅटमागे सारखे वाटले जातात. फ्लॅट दोन म्हणून बिलेही दोन. पाण्याचा आकार आदर्श उपविधींनुसार नळांच्या संख्येवर ठरतो, माणसांच्या नाही. त्यामुळे मोठ्या कुटुंबाचा फायदा होतो आणि शेजाऱ्यांची कुरकुर वाढते. माणशी रोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले तर नऊ माणसांना १,२१५ लिटर लागतात, आणि सोसायटीच्या सभेत हा आकडा कोणीतरी काढतोच. दुसरीकडे, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेने २०२२ पासून मालमत्ता कर माफ केला आहे. साडेसहाशे फुटांचा एक फ्लॅट मिळाला असता तर कर लागला असता. सव्वातीनशेचे दोन आहेत म्हणून लागत नाही. कुटुंब स्वतःला एक समजो वा न समजो, पालिकेच्या आणि सोसायटीच्या वहीत ती दोन घरे आहेत.

दोन्ही फ्लॅट जोडून एक करावेत म्हटले तर तेही होत नाही. फ्लॅट समोरासमोर आहेत, मध्ये लॉबी आहे. शेजारशेजारचे असते तरी आजकालच्या अनेक टॉवरांच्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात एकसंध ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. त्यांना ‘मायवान’ची भिंत म्हणतात, ती इमारतीचा भार पेलते, विटांच्या भिंतीसारखी पाडता येत नाही. तेव्हा दोन दारे राहणारच. आणि दोन दारे म्हटली की तो प्रश्न येतो, जो बदलापुरात कधी आलाच नव्हता.

थोरली: चूल कुठे पेटणार?

धाकटी: एकच. तुमच्याकडे. समोरून येऊन जेवायचं, त्यात काय?

थोरली: अगं, ते स्वयंपाकघर बघितलंस का? दोघी उभ्या राहिलो तर तिसरी मागे फिरू शकत नाही. नऊ माणसांची कणीक तिथे मळायची कुठे? दोन चुली कराव्या लागतील.

धाकटी: दोन चुली म्हणजे मी साडेसहाला येणार, कुकर लावणार, सकाळी पाचला उठून चार डबे करणार. मग वाचलेले तास गेले कुठे?

थोरली: म्हणजे तुझी नोकरी माझ्या पोळ्यांवर चालते.

धाकटी: चालते. मी कधी नाही म्हटलं?

थोरली: नाही म्हटलं नाहीस. पण हो असंही आजच म्हटलंस.

धाकटी: ताई, तुम्हीच तर बदलापूर सोडायचं नाही म्हणत होतात. घर फुटेल म्हणून.

थोरली: सोडायचं नाहीच. पण जायचंच असेल तर खरं सांगते. बावीस वर्षं झाली, चार माणसांचा स्वयंपाक मी आयुष्यात केलेला नाही. एकदा करून बघावा असं वाटतं.

इथे दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, आणि या विषयाचे मर्म इथेच आहे. शहराचा पुरस्कार करणाऱ्या धाकटीला एकत्र चूल हवी, कारण तिचा मोकळा वेळ त्या चुलीवर उभा आहे. मोठ्या घराची बाजू घेणाऱ्या थोरलीला त्या घराने कधी न दिलेली गोष्ट, स्वतःपुरते लहान स्वयंपाकघर, सव्वातीनशे फुटांत दिसते. जागा आणि वेळ यांची तुलना करताना दोघीही ज्याबद्दल बोलत नव्हत्या, ते तिसरे माप म्हणजे श्रम. प्रवासाचे हजार तास मोजता येतात, कारण त्यांना वेळापत्रक आहे. नऊ माणसांच्या पोळ्यांना लागणारे तास घरात कोणी मोजलेले नसतात. एकत्र कुटुंब फ्लॅटमध्ये ‘फुटते’ असे जे म्हटले जाते, त्यात बरेचदा फुटत असते ती ही न मोजलेली व्यवस्था.

गिरणगावाने यावर एकदा उत्तर शोधले होते. एकट्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बाया दोन वेळचे जेवण घालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायांना संघटित केले. घरातल्या स्वयंपाकाचे दाम ठरू शकते, हे लालबाग-परळला तेव्हापासून ठाऊक आहे. आजची पोळीभाजी केंद्रे आणि घरोघर पोळ्या करायला येणाऱ्या बाया त्याच धाग्यातल्या. समोरासमोर फ्लॅट असलेली बरीच कुटुंबे मधला मार्ग काढतात: सकाळचे डबे एकीकडे, रात्रीचे ज्याचे त्याचे, रविवारी सगळे एकत्र, पोळ्यांना बाई. धाकटीच्या पगारातून बाईचे पैसे गेले, तर निदान त्या श्रमाची किंमत कागदावर येते. हा तोडगा फार सुंदर नाही, पण चालतो.

म्हणून असे कुटुंब निर्णय घेत असेल, तर कमावत्या पुरुषांच्या बैठकीत तो घेऊ नये. जी स्वयंपाक करते तिचे ऐकून घ्यावे, आणि तेही सगळे जेवून उठल्यावर नव्हे. बदलापूरचे घर पहिली दोन वर्षे तरी विकू नये. तळमजला भाड्याने द्यावा, वरचा मजला सासूबाईंच्या उन्हाळ्यासाठी ठेवावा, आणि गणपती कुठे बसवायचा हे त्यांनाच ठरवू द्यावे. लालबागला बसवला तर १९३४ पासूनच्या ‘लालबागच्या राजा’ची रांग ओलांडून पंचवीस पाहुण्यांना अकराव्या मजल्यावर आणावे लागेल. या एका मुद्द्यावर थोरलीचे म्हणणे धाकटीलाही मान्य आहे.

जनगणनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे सहसा एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक अकराव्या मजल्यावर येईल, तेव्हा त्याला समोरासमोर दोन दारे दिसतील. नऊ माणसे एका कुटुंबात लिहायची की दोन कुटुंबांत, हे स्वयंपाक कुठे होतो ते विचारूनच त्याला ठरवावे लागेल.